लेफकाऱ्यात झालेली आण्णांची बदनामी

माझी सून म्हणते, "आई, किती वर्षं झाली त्याला, आता सोडा की." मी सोडत नाही. राजारामपुरीतल्या आमच्या गॅलरीत सकाळच्या उन्हात बसून हे लिहिते आहे. राग अजून तसाच आहे. मन शांत झालं की लिहावं, असं जाणते लोक सांगतात. शांत व्हायची वाट बघता बघता मी म्हातारी झाले. आता आहे तशीच लिहिते.

आमचं घर हुपरीचं. हुपरीत चांदी आहे असं म्हणत नाहीत, हुपरीत घरं आहेत आणि घरात चांदी असतेच. पुढच्या सोप्यात भट्टी, ऐरण, तार ओढायचं यंत्र, मागं स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा, आणि तो कायम बाजूला सारलेला. त्यामुळं आमटीच्या फोडणीला तेजाबाचा वास आणि तेजाबाला फोडणीचा. मला झोपेतून उठवायचा तो तार ओढण्याचा कुईकुई आवाज. दुपारी जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका आमच्या उंबऱ्यावर येऊन कड्या जुळवायला बसायच्या. मांडीवर फडकं, फडक्यावर बारीक कड्यांचा ढीग, तोंडानं साऱ्या गावाची उणीदुणी आणि बोटांतून पैंजणाची साखळी एकेका कडीनं वाढत चाललेली. संध्याकाळी रिठ्याच्या पाण्यात घुंगरं धुतली की पाटीभर पाऊस वाजल्यासारखं वाजायचं. मी कोल्हापूरला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. संध्याकाळच्या एसटीतून उतरले की आमची गल्ली यायच्या आधी तो आवाज यायचा.

या सगळ्याची मालकीण माझी आई. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून मीही आक्काच म्हणायची. बायकांनी कड्या जुळवायच्या आणि पुरुषांनी भट्टीवर बसायचं, अशी गावाची रीत. पण माझ्या आजोबांना मुलगा नव्हता. त्यांनी थोरल्या लेकीला भट्टीवर बसवलं. चौदा-पंधरा वर्षांची असताना तिच्या हातून मूस, म्हणजे चांदी वितळवायचं ते मातीचं भांडं, कलंडली आणि रसरशीत चांदी डाव्या हातावर उडाली. मनगटापासून कोपरापर्यंत चट्टा राहिला. आक्का तो कधी झाकत नसे. पैलवान जसा आपला मोडलेला कान मिरवतो, तशी ती तो हात मिरवायची.

लग्न जमवायला पाहुणे आले की ती आधी पदर बाजूला करून तो हात दाखवायची. "बघून घ्या. मागनं तक्रार नको." कुणी विचारायचं, डाग जाईल का. कुणी विचारायचं, हाताला जोर आहे का. शाहूवाडीकडून आलेल्या एका मुलानं विचारलं, "मग चांदी सगळी वाया गेली व्हय?" आक्का हसली आणि तिथंच लग्न ठरलं. तो मुलगा म्हणजे आमचे आण्णा. ते घरजावई होऊन हुपरीला आले. घरजावयाला आमच्याकडं काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. आण्णा सगळं ऐकायचे आणि सायकल काढून शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला जायचे. तिथं ते लोखंड ओतायचे. घरात दोघंही आगीपाशी काम करणारी, पण आग सगळी आक्काच्या जिभेवर. आण्णांचा आवाज चढलेला मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. आक्काचं काम अडलेलं असलं की ते मुकाट भात लावायचे. भाताच्या मुलखातला माणूस, त्यांच्या हातच्या भाताचं शीत न् शीत मोकळं असायचं.

तर अशा या घरात एके दिवशी पुण्याहून देवयानी मॅडम आल्या. कारागिरांसाठी काम करणारी त्यांची एक संस्था होती. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं बेट आहे, त्या बेटावरच्या डोंगरात लेफकारा नावाचं गाव आहे, तिथल्या बायका लेस विणतात आणि पुरुष चांदीचं तारकाम करतात, असं त्यांनी सांगितलं. त्या गावात परदेशी कारागिरांचा मेळा भरणार होता आणि हुपरीतून त्यांना एक बाई हवी होती. सोबत इंग्रजी बोलणारी लेक असली तर उत्तमच. मॅडम आमच्याकडं जेवल्या. आण्णांनी वाढलं. मॅडमनी भाताचं कौतुक केलं. मग त्यांची नजर आक्काच्या हातावर गेली आणि आक्कानं मुशीची सगळी गोष्ट त्यांना रंगवून सांगितली. कशी मूस कलंडली, आजोबा कसे आधी चांदी गोळा करायला धावले आणि मग लेकीकडं, आणि आजीनं त्यांना त्यावरून वर्षभर कसं फैलावर घेतलं. मॅडम पोट धरून हसल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्या बाईंना सगळं माहीत होतं. आमच्या घरात बसून, आमचं अन्न खाऊन, त्यांनी ते ऐकलेलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "तिकडे उकाडा असतो हं. आखूड बाह्यांची पोलकी शिवून घ्या."

आक्कानं शिवून घेतली. दशम्या केल्या, कांदा-लसूण चटणी बांधली, भडंगाची पिशवी घेतली. मुंबईच्या विमानतळावर तिनं मॅडमना विचारलं, "मी खिडकीजवळ बसतो, चालंल न्हवं?" आमच्याकडच्या बायका स्वतःला 'मी जातो, मी बसतो' असंच म्हणतात. मॅडमना हसू आवरेना. "अहो, 'बसते' म्हणा, तुम्ही काय पुरुष आहात?" आक्का म्हणाली, "बसल्यावर सारखंच की." मला तेव्हा गंमत वाटली होती.

लेफकारा मला आवडलं, हे कबूल करायला हवं. राग आहे तो त्या गावावर नाही. पांढऱ्या दगडाची घरं, लाल कौलं, दोन माणसं अंगाला अंग घासून जातील एवढ्याच गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांत दारोदारी खुर्च्या टाकून बसलेल्या बायका. मांडीवर उशी, उशीवर कापड, हातात सुई, आणि तोंड चाललेलं. आक्का पहिल्याच गल्लीत थांबली आणि म्हणाली, "सुमे, ही आपलीच गल्ली की गं." सकाळी चर्चची घंटा व्हायची, कौलांखालच्या पाकोळ्या किलबिलायच्या आणि चांदीवाल्यांच्या दुकानांतून बारीक हातोडीची टकटक सुरू व्हायची. त्या टकटकीनं आक्काला परदेशात असल्यासारखं वाटतच नव्हतं. उकाडा मात्र कुठंच नव्हता. सकाळी डोंगरावरून असा गार वारा यायचा की आखूड बाह्यांतून आक्काच्या अंगावर काटा उभा राहायचा.

आमची राहायची सोय मारुला नावाच्या बाईंकडं केली होती. त्या आक्कापेक्षा थोड्या मोठ्या, ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, सदा काळ्या कपड्यांत, कारण नवरा वारलेला. भाऊ लंडनला असल्यामुळं त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. लांब दांड्याच्या छोट्या पितळी भांड्यात त्या कॉफी करायच्या आणि सोबत पाकात मुरवलेला अख्खा अक्रोड द्यायच्या. आक्कानं त्यांना भडंग दिलं. एक घास खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा घास घेतला, तिसराही घेतला. भाषेवाचून दोघींचं छान जमलं. आक्का त्यांचं विणकाम उलटं करून बघायची, मारुलाबाई आक्काचे पैंजण कानाशी नेऊन वाजवायच्या.

मेळा चर्चसमोरच्या चौकात होता. मॅडमनी आक्काला जमिनीवर चटईवर बसवलं. बाकीच्या देशांच्या कारागिरांना टेबलखुर्ची होती. आम्ही घरी खालीच बसून काम करतो, त्यामुळं त्याचं आक्काला काही वाटलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, "घड्याळ काढा हातातलं. ते बरं नाही दिसत." आक्काच्या उजव्या मनगटावर आण्णांनी घेतलेलं घड्याळ होतं. तिनं ते काढून माझ्याकडं दिलं, पण भुवई वर गेलेली मी पाहिली. रोज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये गावकऱ्यांसाठी भाषणं असायची. मॅडम इंग्रजीत बोलायच्या आणि तिथले एक शाळामास्तर ते ग्रीकमध्ये सांगायचे. त्या वेळी मॅडम मला चौकातलं सामान आवरायला ठेवायच्या. "तू कशाला कंटाळतेस तिथे?" म्हणायच्या. मला वाटायचं, किती काळजी करतात.

पहिल्या भाषणानंतर गाव बदललं. बायका आक्काजवळ येऊन नुसत्या उभ्या राहू लागल्या. कुणी तिच्या गालावरून हात फिरवायची, कुणी छातीवर क्रॉसची खूण करायची. पैंजण कुणी बघेना. सगळ्यांच्या नजरा तिच्या डाव्या हातावर. मग वस्तू यायला लागल्या. पाव, चीज, ऑलिव्हची बरणी, आणि एका सकाळी कापडी पिशवीत घडी घातलेले जुने झगे आणि एक वापरलेला स्वेटर. आक्कानं पिशवी उघडली आणि स्वेटर बाहेर काढून उलटापालटा करून बघितला.

"सुमे, हुपरीत आलेल्या पावण्याला कुणी आपलं जुनं लुगडं देतं का गं?"

"तिकडची पद्धत असंल, आक्का."

"पद्धत न्हाय ही. काय तरी हाय. इच्यार त्या मारुलाबाईला."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. त्या कॉफी ढवळत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं, माझे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या तुटक इंग्रजीत मलाच विचारलं, "पोरी, तुझा बाप तुलाही मारतो का?"

मला कळेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी हॉलमध्ये सांगितलं होतं की या बाईला लहानपणी विकल्यासारखं लग्नात देऊन टाकलं. तिनं चांदीकामाला हात लावला म्हणून दारुड्या नवऱ्यानं तिचा हात भट्टीत धरला. तरी ती लपून छपून काम शिकली, आणि आमच्या संस्थेनं तिला त्या नरकातून बाहेर काढलं. हॉलमधल्या बायका रडल्या. मारुलाबाई स्वतः रात्रभर रडल्या होत्या.

आण्णा. आमचे आण्णा. ज्यांनी दारूच्या थेंबाला कधी बोट लावलं नव्हतं, जे बैलालाही काठी न मारता नुसतं 'चल की रे बाबा' म्हणायचे. समुद्रापलीकडच्या एका गावात म्हातारीकोतारी माणसं माझ्या बापाला शिव्या देऊन झोपत होती. माझे कान तापले. मी धावत चौकात गेले. आक्का चटईवर बसून कडीला डाग देत, म्हणजे ज्योतीवर तिचा सांधा जोडत होती.

मी सांगायला लागले आणि मध्येच अडखळले. आक्का म्हणाली, "गिळू नगंस. काय म्हणली ती, शब्द न् शब्द सांग." मी सांगितलं. तिनं हातातलं काम पुरं केलं, ज्योत विझवली, माझ्याकडून घड्याळ मागून घेतलं आणि मनगटावर बांधलं. मग ती तशीच उठून मॅडम उतरल्या होत्या त्या घराकडं निघाली.

मॅडम अंगणात नाश्ता करत होत्या. आक्कानं चटकन विषयालाच हात घातला. "माझ्या नवऱ्यानं हात जाळला म्हणून सांगितलंत?"

मॅडमनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग हसून म्हणाल्या, "बसा ना. अहो, भाषण असतं ते. थोडं रंगवावं लागतं."

"तुमी माझ्या घरात बसून ऐकलंय की खरं काय ते."

"ऐकलंय. पण मूस कलंडली, यात कुणाला काय वाटणार? या लोकांना तुमचं काम कळत नाही, तुमचं दुःख कळतं. मी तुमच्यासाठीच केलं ना हे सगळं? आणि तुमच्या मिस्टरांना इथे कोण ओळखतं?"

"मी वळखतो," आक्का म्हणाली. "मी वळखतो की त्यांना. बास न्हवं? आज सांजच्याला तुमी सगळ्यांफुडं सांगायचं, की ह्ये खोटं हाय."

मॅडमचा चेहरा बदलला. "हे बघा, तमाशा करू नका. तुमचे पासपोर्ट आणि तिकिटं माझ्याकडे आहेत, हे लक्षात ठेवा."

परका मुलूख, परकी भाषा, आणि घरी फोन करायचा तर शेजारच्या दुकानात. आक्काला मात्र पासपोर्टचं काही नव्हतं. परत येताना ती एवढंच म्हणाली, "न्हाय सांगत तर मी सांगतो. तू इंग्रजीत सांग. घाबरतीस काय?" मी म्हणाले, घाबरते. "मग घाबरत सांग."

त्या संध्याकाळी समारोप होता. चौकात सगळा गाव, पुढच्या रांगेत गावचे प्रमुख. आक्कानं त्यांना पैंजणांची जोडी भेट द्यायची, असं ठरलेलं. तिनं पैंजण टेबलावर ठेवले, पदर खोचला आणि बोलायला लागली. आवाज असा की माइक लागला नाही. "मी हुपरीची. माझा बाप कारागीर, त्यानं मला काम शिकवलं. ह्यो हात माझ्या कामात भाजला, लग्नाच्या आधी. माझ्या नवऱ्यानं जाळला न्हाय. माझा नवरा लई चांगला माणूस हाय. तुमी ज्ये ऐकलं, ते समदं खोटं हाय." मी घाबरतच एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शाळामास्तर ते ग्रीकमध्ये सांगायचं सोडून गोंधळून मॅडमकडं बघायला लागले.

मॅडम उठल्या. अगदी हळुवार पावलांनी त्या आक्काजवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "बघा. इतक्या दूर येऊनही बिचारी नवऱ्याला किती घाबरते."

मास्तरांनी ते मात्र लगेच ग्रीकमध्ये सांगितलं. चौकभर एक सुस्कारा उमटला. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत उठली आणि तिनं आक्काला मिठी मारली. मग दुसरी आली. मी ओरडत होते, "नाही, नाही, ती खरं सांगतेय!" पण मी त्या घाबरलेल्या बाईची घाबरलेली लेक होते. मी जितकी ओरडेन तितकी त्यांची खात्री पटत होती. आक्का त्या मिठ्यांमध्ये खांबासारखी ताठ उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "काय म्हणली गं ती?"

मी सांगितलं. आक्काचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी परत कधी पाहिला नाही. आण्णा गेले त्या दिवशीही नाही. खोटं बोलणारा माणूस मी पुढं आयुष्यात पुष्कळ पाहिला. पण दुसऱ्याचं खरं बोलणंच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणारं माणूस मी एकच पाहिलं. या बाईंचे सत्कार पुढं होत राहिले, फोटो छापून येत राहिले, आणि प्रत्येक वेळी मी पान फाडून चुलीत घातलं. आता चूल नाही, मोबाइलवर दिसतात. मोबाइल फाडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मारुलाबाईंनी कॉफी केली. त्या आक्काकडं बघत नव्हत्या. मग एकदम मला म्हणाल्या, "काल तुझी आई घाबरलेल्या बाईसारखी दिसत नव्हती. माझी बहीण तिच्या नवऱ्याला घाबरायची. ती कशी बोलायची, मला माहीत आहे. आईला विचार, काय झालं होतं?" मी आक्काला सांगितलं. आक्का उठली. तिनं ते लांब दांड्याचं कॉफीचं भांडं उचललं, सांडशीत धरल्यासारखं धरलं आणि चुलीवर ठेवायचं सोंग केलं. तोंडानं भात्याचा आवाज काढला. मग चौदा वर्षांच्या पोरीसारखी जीभ दातांत धरून, तोल सांभाळत, भांडं उचललं, आणि एकदम कलंडलं. उरलेली कॉफी तिच्या डाव्या हातावरून चट्ट्याच्या वाटेनंच ओघळली, मनगटापासून कोपरापर्यंत. मग तिनं आजोबा करून दाखवले, जमिनीवर रांगत चांदी वेचणारे. मग आजी केली, कमरेवर हात ठेवून शिव्या देणारी.

मारुलाबाई आधी हसल्या. मग त्यांनी टेबलावर असा पंजा आपटला की अक्रोडाची बशी उडाली. ग्रीकमध्ये त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण आक्का म्हणाली, "शिवीच हाय ती. कळली मला." आमची गाडी चौकातून निघाली तेव्हा मारुलाबाई शाळामास्तरांना भिंतीशी गाठून, हातातली उशी नाचवत, मोठ्या आवाजात झाडत होत्या. आक्का खिडकीतून बघत होती. जुन्या कपड्यांची पिशवी तिनं मारुलाबाईंच्या दारात ठेवली होती. पासपोर्ट मॅडमनी मुंबईत उतरल्यावर एक शब्द न बोलता हातात दिले.

एसटीत आक्का म्हणाली, "आण्णांना ह्यातलं काय सांगायचं न्हाय. तिकडचं तिकडं." मी मान डोलावली.

पण ते तिकडचं तिकडं राहिलं नाही. काही महिन्यांनी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मॅडमचा लेख आला. गाव हुपरी, हात जळालेला, नवरा दारुडा, आक्काचा चटईवरचा फोटो. शिरोलीला जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तो कँटीनमध्ये मोठ्यानं वाचला. वाचणाऱ्याला माहीत नव्हतं, त्याच बाकावर कोण बसलंय. ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले. संध्याकाळी घुंगरंवाले हमीदचाचा आमच्याकडं आले. त्यांचं घर आमच्या घराला लागून, तीन पिढ्यांचा शेजार. ते म्हणाले, "आक्का, लेख वाचून बोलणाऱ्या समद्यांस्नी मी सांगून आलोय, मूस कलंडली तवा माझ्या बापानं पोरीच्या हातावर पाणी वतलंय. पर घरजावयाबद्दल वंगाळ ऐकायला लोकांस्नी लई गोड लागतं."

आण्णा त्या दिवशी सायकल हातात धरून चालत आले. हातपाय धुतले, जेवायला बसले, आणि जेवले नाहीत. मला विचारलं, "तिकडं बी ह्येच बोलली व्हय ती बाई?" मी आक्काकडं पाहिलं. आक्का म्हणाली, "व्हय. मी सांगितलं सगळ्यांफुडं खोटं हाय म्हणून. कुणी ऐकलं न्हाय."

"बरं," आण्णा म्हणाले.

त्या 'बरं'चा मला भयंकर राग आला. असा माणूस असला म्हणूनच त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं, असं मी तोंडावर म्हणाले. आक्कानं माझ्याकडं डोळे वटारले, पण तिच्याही मनात तेच होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कामावर इस्त्रीचा शर्ट कशाला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. रात्री आले नाहीत. आक्का उंबऱ्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीतल्या बायका कड्या जुळवत बसल्या असताना, आण्णा एसटी स्टँडकडून चालत आले. शर्ट चुरगळलेला. बायकांमधून वाट काढत आत गेले आणि पाणी मागितलं.

"कुठं गेलता?" आक्कानं विचारलं.

"पुण्याला गेलतो. त्या बाईच्या हापिसात."

आक्का हातातला तांब्या घेऊन तशीच उभी. "आणि?"

"बसून हुतो बाकड्यावर. नाव सांगितलं तर कोण भाईर येईना. मग म्हणलो, हात जाळणारा त्यो हुपरीचा नवरा आलाय म्हणून सांगा. तवा आली." आण्णा पाणी प्यायले. "मी म्हणलो, बाई, कसा जाळला त्यो हात, ते मला सांगा. तुमी लिवलंय, म्हंजी तुमाला ठावं हाय. कवा जाळला, कशानं जाळला, समदं सांगा. मी ऐकायला आलोय."

"मग? काय म्हणली?"

"खाली बघत राह्यली. मग म्हणली, चहा घ्या."

"घेतला?"

"न्हाय घेतला. म्हणलो, आधी सांगा. बसलो तसाच. हापिस बंद झालं तवा उठलो."

माफी मागितली नाही, लेख मागं घेतला नाही, काही नाही. मला रागानं रडू फुटलं. आक्का रडली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर खोचला, आणि तरातरा बाहेर येऊन उंबऱ्यावर उभी राहिली. ज्या आवाजाला लेफकाऱ्याच्या चौकात माइक लागला नव्हता, त्या आवाजात ती कड्या जुळवणाऱ्या बायकांना, त्यांच्या पलीकडं हमीदचाचांच्या घराला, त्याच्याही पलीकडं पार पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायला लागली. "ऐका गं समद्या! माझा नवरा पुण्याला जाऊन आलाय! ज्या बाईनं त्यांचं नाव घाण केलं, तिच्या दारात दिवसभर बसून आलाय! तिला तोंड वर करून बघता आलं न्हाय!"

बायकांच्या मांडीवरच्या कड्या सांडल्या. दारंखिडक्या उघडल्या. आण्णा आतून लाजून म्हणत होते, "अगं, गप की. लोकं ऐकत्यात."

"ऐकू द्यात," आक्का मागं वळूनही न बघता म्हणाली. "त्येच्यासाठीच वरडतोय मी."